होडीच्या पोटातली फळी

मद्रासला निसर्गाने बंदर दिले नाही, ही गोष्ट कोकणातून आलेल्या माणसाला लवकर उमगत नाही. आपल्याकडे दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशी थोड्या थोड्या अंतरावर खाडी. मचव्याच्या तळाला खोल कणा असला तरी अडत नाही, खाडीत शिरले की काम झाले. इथे अड्यार नदीचे मुख वाळूने वारंवार बुजते. होडीला लाटांवरून थेट किनाऱ्यावर चढावे लागते आणि कणा असेल तर ती आडवी पडते. म्हणून या किनाऱ्यावर ओंडके बांधून केलेला कट्टुमरम आणि काथ्याने शिवलेली मसुला होडी चालली. इंग्रजीतला 'कॅटमरान' हा शब्द या कट्टुमरमवरूनच गेला.

पण सपाट तळाच्या होडीला शीड लावले की वारा तिला पुढे नेण्याऐवजी बाजूला ढकलतो. त्यावर इथल्या कोळ्यांचा उपाय साधा होता. एक फळी उभी पाण्यात सोडायची आणि किनारा जवळ आला की उचलून घ्यायची. दक्षिण अमेरिकेतल्या तराफ्यांवरही अशाच फळ्या होत्या. इंग्रज आरमारातल्या जॉन शँकने १७७४ मध्ये बोस्टनला वरखाली सरकणारा कणा बसवून होडी बांधली आणि १८११ मध्ये अमेरिकेतल्या स्वेन बंधूंनी होडीच्या पोटातून उतरणाऱ्या फळीचे पेटंट घेतले. आज तिला 'सेंटरबोर्ड' म्हणतात. पेटंट कोणाचे का असेना, कल्पना किनाऱ्यावरच्या गरजेतून आली, असे मला वाटते.

मद्रासचे कृत्रिम बंदरही सहज झाले नाही. १८७६ मध्ये काम सुरू झाले आणि १८८१ च्या वादळाने ते उद्ध्वस्त केले. पुढे पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी बंदराचे तोंड पूर्वेकडून ईशान्येकडे वळवले, तेव्हा आत शांत पाणी मिळाले. त्यांच्याच पुढाकाराने १९११ मध्ये यॉट क्लब निघाला. (अड्यारचा बोट क्लब त्याहून जुना, १८६७ चा, पण तो वल्ह्यांचा.) पुढच्या काळात भारतातल्या क्लबांत जॅक होल्टने १९५६ मध्ये आणलेली 'एंटरप्राइज' रुळली. लांबी सव्वातेरा फूट, दोघांची होडी, शिडे निळी.

अशा जुन्या होड्यांचा सांगाडा पुष्कळदा धडधाकट असतो, फळी मात्र गेलेली असते. वाळूला आपटून कड झिजते, भोकातून पाणी शिरून लाकूड कुजते. आणि फळीवाचून होडी भंगारात निघते. काही वर्षांपूर्वी अशा एका होडीच्या फळीसाठी मी आणि एक सहकारी आमच्या भागातल्या आसारीकडे, म्हणजे सुताराकडे गेलो. आमचे तमिळ यथातथाच, पण मोजपट्टी सगळ्यांना कळते.

त्याने जुना तुकडा मागितला आणि हुबेहूब तशीच करतो म्हणाला. इथेच घोळ होतो. झिजलेल्या तुकड्याची नक्कल म्हणजे झिजलेलीच फळी. म्हणून माप वर्गाच्या नियमावलीतून आणि होडीतल्या खाचेवरून घेतले.

एकसंध पाट वाकतो, म्हणून दोन-दोन इंचांच्या पट्ट्या कापून एकाआड एक उलट्या फिरवायच्या आणि इपॉक्सीने जोडायच्या. सागवान तेलकट, तेव्हा चिकटवण्याआधी थिनरने पुसायचे. पुढची कड गोलसर, मागची निमुळती. जाडी पुढून सुमारे एक-तृतीयांशावर सर्वांत जास्त ठेवली तर पाणी न खळबळता जाते. शर्यतीच्या होडीला मात्र नियम परवानगी देतील तेवढाच तास द्यायचा. खिळीचे भोक आधी मोठे पाडायचे, इपॉक्सीने भरायचे आणि वाळल्यावर त्यातच नेमक्या मापाचे भोक पाडायचे. मग लाकडाला पाणी लागत नाही. खाचेत थोडी मोकळीक हवीच, नाहीतर ऐन पावसाळ्यात फळी फुगून अडकते. आसारीला खिळीच्या भोकाची युक्ती फार आवडली. दरवाजाच्या बिजागरीलाही चालेल, म्हणाला.

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने ऊरूर कुप्पमसारख्या वस्त्यांना झोडपले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीत मुख्यतः फायबरच्या होड्या आल्या. त्यांना इंजिन आहे, फळी लागत नाही. शिडाच्या कट्टुमरमची फळी तासणारे हात आता मिळणे कठीण. आमच्या आसारीने प्लायवूडचा नमुना कापून भिंतीला टांगला आहे आणि खिळीचे माप त्यावर पेन्सिलने लिहून ठेवले आहे.