तिरुवैयारुचं ऊन आणि सरफोजी राजांची औषधं

तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु आहे. नावाचा अर्थच पाच नद्यांचं पवित्र गाव. संगीतप्रेमी इथे त्यागराजांच्या समाधीसाठी येतात. मराठी माणसाने पुष्य मंडपाचा घाटही पाहावा. तो तंजावरच्या मराठा काळातला. मे महिन्यात मात्र भर दुपारी त्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी उभं राहवत नाही. या दिवसांना तमिळ लोक 'अग्नी नक्षत्र' म्हणतात. सूर्य तेव्हा कृत्तिकेत असतो आणि कृत्तिकेची देवता अग्नी.

अशाच उन्हातून शेकडो वर्षं यात्रेकरू पायी रामेश्वरला गेले. त्यांच्यासाठी तंजावरच्या भोसल्यांनी वाटेवर छत्रं, म्हणजे धर्मशाळा बांधल्या. 1801 मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांचं काम सांगितलं: अन्न, निवारा आणि आजारी पडलेल्यांसाठी वैद्य.

1799 च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला होता. तलवार म्यानात गेलेल्या या राजाने उरलेलं आयुष्य ग्रंथ आणि औषधं यांना दिलं. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एका छताखाली आलं. नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या गेल्या. निवडक उपचार तमिळ पद्यात बांधले गेले. तेच 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' ग्रंथ.

मला यातली पद्धत मोलाची वाटते: घरगुती औषधाला हसायचं नाही आणि आंधळेपणाने मानायचंही नाही. वापरून पाहायचं, लिहून ठेवायचं.

हाच नियम उन्हाने भाजलेल्या कातडीला लावू. ऊन लागल्यावर आग काही तासांनी सुरू होते आणि साधारण दिवसभरात कळसाला पोचते. सावळ्या अंगावर लाली दिसेलच असं नाही, पण हात लावला की जवान कळवळतो. पहिला उपाय सावली आणि गार पाण्याची ओली पट्टी. दुसरा कोरफड. तिचा स्वच्छ गर थंडावा देतो. पान कापल्यावर येणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा. काकडीचे गार कापही बरे वाटतात. ताक इथे 'नीर मोर' म्हणून रस्तोरस्ती मिळतं. ते अंगाला फासण्यापेक्षा मीठ घालून पोटात गेलेलं बरं.

बरॅकमध्ये चालणारे काही उपाय मात्र बंद करा. टूथपेस्टने आग वाढते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी आणखी भाजते. बर्फ थेट घासू नये. फोड फोडू नयेत.

आणि छत्रात अन्नछत्राबरोबर वैद्य का ठेवला होता, हे विसरू नका. मोठे फोड, ताप किंवा उलट्या असतील, तर कोरफड शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. रूट मार्चमध्ये एखादा जवान असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी अँब्युलन्स मागवा. तिथे मिनिटं मोजली जातात. घरचा उपाय कुठे संपतो, हे ठाऊक असणं हाही उपचाराचाच भाग आहे.