जन्मभराच्या नोकरीचा जपानी सौदा

जपानी कर्मचाऱ्याची कंपनीवरची निष्ठा सामुराईंच्या रक्तातून आली, असा समज जगभर रुजला आहे. इतिहासात मात्र त्याला फारसा आधार सापडत नाही. मेइजी काळातला जपानी कारागीर जास्त मजुरी दिसली की बिनदिक्कत कारखाना बदलत असे. कापड गिरण्यांमध्ये खेड्यापाड्यांतून आणलेल्या मुलींना वसतिगृहांत जवळजवळ कोंडूनच ठेवत. तरीही त्या पळून जात. १९०३ साली सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या पाहणीत याच्या हकिगती नोंदल्या आहेत. कानेबो गिरणीच्या सांजी मुतो यांनी कामगारांसाठी पाळणाघर, साहाय्य निधी आणि मासिक सुरू केलं, तेही याच सुमारास. माणसं टिकत नव्हती, म्हणून टिकवण्याचे उपाय शोधणं भाग होतं.

एखाद्या मालकाने स्वतःहून वेगळी वाट धरली, असंही घडलं. १९२९ च्या डिसेंबरात मंदीमुळे मात्सुशिता कंपनीची विक्री निम्म्यावर आली आणि गोदामं न खपलेल्या मालाने भरून गेली. संस्थापक कोनोसुके मात्सुशिता तेव्हा आजारी होते. निम्मे कामगार कमी करा, असा सल्ला घेऊन सहकारी त्यांच्याकडे आले. त्यांनी उत्पादन निम्म्यावर आणायला मान्यता दिली, पण एकालाही काढायचं नाही, असं बजावलं. कारखान्यात अर्धा दिवस काम आणि पगार पूर्ण, पण बाकीच्यांनी सुट्टी न घेता साठलेला माल विकायचा, असं ठरलं. फेब्रुवारीपर्यंत गोदामं रिकामी झाली.

पण एका मालकाच्या सद्बुद्धीने देशाची रीत पडत नसते. ती पडली महायुद्धानंतरच्या संघर्षांतून, आणि त्यात दोन्ही बाजू घायाळ झाल्या.

टोयोटाचंच पाहा. १९४९ मध्ये सरकारने महागाई रोखण्यासाठी पैशाच्या नाड्या आवळल्या आणि कंपनी बुडायच्या बेताला आली. डिसेंबरात युनियनने १० टक्के पगारकपात स्वीकारली. त्या बदल्यात कोणालाही काढणार नाही, असा शब्द अध्यक्ष किइचिरो टोयोडांनी दिला. पुढच्या एप्रिलमध्ये बँकांच्या दबावाखाली तो त्यांना मोडावा लागला. १,६०० जणांना कमी करण्याची योजना जाहीर झाली, संप पेटला आणि अखेर सुमारे २,००० माणसं कंपनीबाहेर पडली. ५ जून १९५० रोजी किइचिरोंनीही अध्यक्षपद सोडलं. त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकन लष्कराच्या ट्रकच्या मागणीने कंपनी सावरली. गेलेल्यांना त्याचा काय उपयोग? १९६२ साली व्यवस्थापन आणि युनियनने परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. त्यामागे या संपाची आठवण होती.

ओमुताजवळच्या मिइके कोळसा खाणीत तर रक्त सांडलं. कंपनीने बाराशेहून अधिक कामगारांना काढलं, त्यांत युनियनचे कार्यकर्ते ठरवून वेचले होते. १९६० च्या जानेवारीत सुरू झालेला लढा नऊ महिन्यांहून अधिक चालला. एका संपकऱ्याचा गुंडांनी भोसकून खून केला. युनियन हरली, पण सरसकट कपातीची किंमत इतर मालकांच्याही ध्यानात आली. पुढच्या काळात मोठ्या कंपन्यांत नोकरी टिकण्याची जी हमी दिसते, तिच्या पायाशी मिइकेचे हे हरलेले खाणकामगार आहेत.

तेलसंकटात या हमीची कसोटी लागली. भरपूर पेट्रोल पिणाऱ्या रोटरी इंजिनाच्या गाड्या पडून राहिल्या, तेव्हा माझदा बनवणाऱ्या हिरोशिमाच्या तोयो कोग्योने हजारो कर्मचाऱ्यांना वितरकांकडे गाड्या विकायला पाठवलं. काल यंत्रावर उभा असलेला कामगार परक्या शहरात दारोदार फिरू लागला. नोकरी मात्र शाबूत राहिली. १९७९ साली टोकियो उच्च न्यायालयाने कपातीसाठी चार कसोट्या मांडल्या. खरी गरज, आधी इतर उपाय करून पाहणं, निवडीचे न्याय्य निकष आणि कामगारांशी सल्लामसलत.

या संरक्षणाची किंमत घरांनी मोजली. आई, बायको आणि लहान मूल असलेल्या एका कर्मचाऱ्याने बदली नाकारली, तर तोआ पेंट कंपनीने त्याला बडतर्फ केलं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचीच बाजू उचलून धरली. नोकरी हवी तर कंपनी पाठवील तिथे जायचं, असाच त्याचा अर्थ होता. स्त्रियांच्या वाट्याला तर ही हमी क्वचितच आली. लग्न झालं की राजीनामा, ही अट रद्द ठरवायला सुमितोमो सिमेंटच्या एका कर्मचारी स्त्रीला न्यायालयात जावं लागलं. तिचा खटला १९६६ साली निकाली निघाला.

२०१९ च्या मे महिन्यात किइचिरोंचे नातू अकिओ टोयोडा यांनी जन्मभराची नोकरी टिकवणं अवघड होत चालल्याचं जाहीरपणे सांगितलं. तोवर जपानमधले एक तृतीयांशाहून अधिक पगारदार अर्धवेळ, कंत्राटी किंवा तात्पुरत्या कामावर होते, आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळपास दुप्पट होती.