इंजिन बदलले की स्टॉल स्पीडही का बदलतो?

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या श्टेटिन बंदरातील व्हल्कन जहाज कारखान्यात हर्मान फॉटिंगर या अभियंत्यापुढे एक पेच होता. वाफेचे टर्बाइन वेगाने फिरले तरच परवडे, जहाजाचा पंखा मात्र संथ फिरला तरच पाणी नीट रेटी. फॉटिंगरने दोहोंमध्ये द्रव घातला. पात्यांच्या एका चाकाने तो फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा, आणि मधल्या स्थिर पात्यांनी त्याची दिशा वळवून टॉर्क वाढवायचा. १९०५ साली या कल्पनेचे पेटंट झाले. हाच टॉर्क कन्व्हर्टर.

अमेरिकी मोटारींत तो रुळला १९४८च्या ब्यूइक डायनाफ्लोपासून. त्याआधीच्या हायड्रामॅटिकमध्ये नुसते द्रव-कपलिंग होते. ते टॉर्क वाढवीत नसे.

पुढे जुन्या गाडीत दांडगे इंजिन बसवणाऱ्या हौशी मंडळींना एक आकडा छळू लागला, तो म्हणजे स्टॉल स्पीड. ब्रेकने चाके जखडून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन ज्या फेऱ्यांवर अडून राहते तो वेग. खोक्यावरचा आकडा पाहून हा कन्व्हर्टरचा उपजत गुण असल्याचा समज होतो. तो अपुरा आहे.

द्रव जो टॉर्क पेलतो, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून स्टॉल स्पीड टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ३०० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे २,००० फेऱ्यांवर अडणारा कन्व्हर्टर ४५० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे सुमारे २,४५० वर अडेल. मात्र हिशेबात धरायचा टॉर्क त्याच फेऱ्यांवरचा हवा, जाहिरातीतला कमाल टॉर्क नव्हे. शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवलेले इंजिन खालच्या फेऱ्यांत दुबळे असते. तिथे कमाल आकडा धरला की अंदाज फसलाच.

व्यासाचा प्रभाव तर याहून तीव्र. पेलला जाणारा टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. बाकी रचना तीच ठेवून १२ इंचांचा कन्व्हर्टर १० इंचांचा केला, तर स्टॉल स्पीड दीडपटीहून अधिक होतो.

मग सरसकट छोटाच का घेऊ नये? कारण स्टॉलच्या क्षणी टर्बाइन स्थिर असते, बाहेर पडणारी शक्ती शून्य, आणि कन्व्हर्टरमध्ये शिरलेल्या साऱ्या शक्तीची तेलात उष्णता होते. रोजच्या गाडीत कन्व्हर्टर सतत घसरत राहिला तर इंधन वाया जाते आणि गिअरबॉक्स भाजून निघतो.

ब्यूइकने या ओढाताणीवर १९५५ साली काढलेला तोडगा मोठा देखणा होता. स्टेटरची पातीच फिरती केली; अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती कलत आणि स्टॉल स्पीड वर जाई, पाय सैल सोडला की पूर्ववत.