दळण ताजं, कॉफी शिळी : मराठी घरातल्या कॉफीचा इतिहास

आंबवड्यात इतिहासावर बोलायला उभं राहिलं की ऐकणाऱ्यांच्या मनात काही नावं आधीच तयार असतात. नागेश्वराचं देऊळ, शंकराजी नारायण सचिवांची समाधी, संस्थानी काळातला झुलता पूल, रायरेश्वराची वाट, पलीकडे कारीचे जेधे. त्या विषयांवर बोलणारी अधिकारी माणसं पुष्कळ आहेत. आम्ही आज बोलणार आहोत कॉफीवर. (हशा)

हसू नका. कारण सकाळीच घडलंय. ज्या घरी उतरलो तिथल्या वहिनींनी विचारलं, “चहा टाकू का कॉफी करू?” आम्ही म्हटलं, कॉफी. आली ती अशी : कपभर घट्ट दूध, भरपूर साखर, वर किसलेलं जायफळ, आणि तळाशी कुठेतरी चिमूटभर कॉफी. चव छान होती, तक्रार नाही. पण प्रश्न पडला तो असा. आपल्या घरात चहा रोजचा आणि कॉफी मात्र पाहुण्यांची, आजाऱ्यांची, नाहीतर परीक्षेच्या रात्रीची. असं का? आणि कॉफीची मूळ चव दुधाखाली, जायफळाखाली झाकायची गरज आपल्याला का पडली?

“आपल्या जिभेला ती कडू लागते,” हे उत्तर सोपं आहे. पण कारल्याची भाजी आणि मेथी खाणाऱ्या माणसांनी कडूपणाची सबब सांगू नये. आमचं म्हणणं वेगळं आहे. आपल्यापर्यंत ताजी कॉफी फारशी पोचलीच नाही. पोचली ती शिळी, आणि त्या शिळेपणाला आपण कॉफीची चव समजलो. हे का झालं, याचाच हा इतिहास.

आता मुळापासून बघू. कॉफीच्या फळातली बी वाळवली की तो झाला कच्चा दाणा. हिरवट, कडक, जवळजवळ बिनवासाचा. जुन्या मराठीत त्याला ‘बुंद’ म्हणत, शेजारच्या कानडीतही हा शब्द आहे. मूळ अरबी, ‘बुन’. कच्चा दाणा नीट ठेवला तर वर्षभरही टिकतो. म्हणून येमेनच्या मोखा बंदरातून तो गलबतांत भरून जगभर जाऊ शकला. आपल्या कोकणातल्या दाभोळसारख्या बंदरांचा तांबड्या समुद्राशी व्यापार जुनाच.

पण दाणा भाजला की गोष्ट बदलते. साधारण दोनशे अंश उष्णतेला त्यात शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात आणि ती लगेच उडायलाही लागतात. भाजलेला अख्खा दाणा तीन-चार आठवडे चांगला राहतो. दळलेली पूड काही दिवसांतच मंदावते.

ही गोष्ट आंबवड्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. बाजरीचं पीठ तुम्ही किती दिवस ठेवता? आठवडा, फार तर दहा दिवस. मग ते कडवट होतं, भाकरी चांगली होत नाही. म्हणून बाजरी पोत्यात राहते आणि दळण डब्याडब्याने गिरणीवर जातं. ही अक्कल आपल्या प्रत्येक घरात आहे. कॉफीच्या बाबतीत मात्र आपण महिनोन् महिने जुनं पीठ विकत घेतलं आणि म्हटलं, “कॉफी कडूच असते बाबा.”

भारतात कॉफी पिण्याची नोंद जुनी आहे. जहांगीरच्या दरबारात आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो, त्याचा पाद्री एडवर्ड टेरी १६१६ मध्ये इथे आला. धर्माचे कडक नियम पाळणारे, दारूला न शिवणारे लोक काळं बी पाण्यात उकळून पितात, त्यानं पचन सुधारतं आणि हुशारी येते, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या आधीची ही गोष्ट. लागवडीची आख्यायिका बाबा बुदनची : हजहून परतताना त्यांनी येमेनमधून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले. सातच होते का, हे सोडून द्या. त्या डोंगरांना आजही त्यांचं नाव आहे आणि देशातली बहुतेक कॉफी आजही कर्नाटकातच पिकते.

दक्षिणेत मळे जवळ, म्हणून कच्चा दाणा घरात येई, चुलीवर भाजला जाई, हातयंत्रात दळला जाई आणि पितळी फिल्टरमधून उतरे. तंजावरच्या मराठी घरांनीही हीच कॉफी आपली मानली. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हणाल तर विदर्भात, चिखलदऱ्याला. तिथे इंग्रजांच्या काळापासून थोडी कॉफी पिकते. पण मेळघाट कुठे आणि भोर कुठे!

मग आपल्याकडे कॉफी आली कशी? मुंबईहून, आणि डब्यातून. पेस्तनजी एदलजी दलाल नावाच्या पारशी मुलानं १८८८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, मुंबईत कॉफी भाजून दळून विकायला सुरुवात केली. त्याचं लाडाचं नाव पॉली, त्यावरून ‘पोलसन’. त्याची ‘फ्रेंच कॉफी’ प्रसिद्ध झाली. ‘फ्रेंच’ म्हणजे चिकोरी मिसळलेली. चिकोरी हे एका झाडाचं मूळ, भाजून पूड केलेलं. नेपोलियनच्या काळात इंग्रजांशी व्यापार तुटला, युरोपात कॉफी मिळेना, तेव्हा फ्रान्समध्ये या मुळाचा वापर फार वाढला. रंग गडद येतो, दाटपणा येतो, स्वस्त पडतं, आणि कॉफीचा सुगंध उडाला असला तरी पटकन कळत नाही. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

जाता जाता, दूध घालणाऱ्या मंडळींसाठी : हेच पोलसन पुढे लोण्याच्या धंद्यात उतरले. खेडा जिल्ह्यातल्या दुधावरच्या त्यांच्या मक्तेदारीविरुद्ध शेतकरी उभे राहिले आणि त्यातून १९४६ मध्ये आणंदचा दूध संघ झाला. तोच पुढचा अमूल.

तर डबा आला, आणि भाजणं घरातून गेलं. पुढे दळणंही गेलं. मग आल्या कॉफीच्या वड्या. इथल्या ज्येष्ठांना आठवत असतील : कागदात गुंडाळलेली, साखर घातलेली वडी, गरम दुधात टाकायची की झाली कॉफी. मग झटपट कॉफी. नेसकॅफे स्वित्झर्लंडमध्ये १९३८ ला आली आणि पुढे तिची बाटली आपल्याही फळीवर बसली. प्रत्येक पायरीला सोय वाढली आणि भाजण्याचा दिवस कपापासून लांब लांब गेला.

आता चहाकडे बघा. चहाची पत्ती पुडीत बांधून भोरच्या बाजारात महिनाभर पडली तरी फारसं बिघडत नाही. उकळून, आलं घालून भागतं. चहा मळेवाल्यांनी गावोगाव प्रचारही जोरात केला, भावही परवडणारा ठेवला. दुकानापासून लांबच्या गावाला टिकाऊ माल जिंकतो. आंबवड्यात चहा जिंकला याचं हे एक साधं कारण, असं आम्हाला वाटतं.

कॉफीवाल्यांनी प्रयत्न केलाच नाही असं नव्हे. १९३० च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले. १९३५ मध्ये कॉफी उपकर समिती झाली आणि १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. मग महायुद्ध आलं, युरोपची गिऱ्हाइकं तुटली, आणि १९४२ च्या कायद्यानं सगळा माल कॉफी बोर्डाच्या ताब्यात गेला. मळेवाल्यानं आपली कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालायची, बोर्ड ती लिलावानं विकणार. पडत्या काळात शेतकऱ्याला याचा आधार झाला, हे नाकारता येत नाही. पण चांगली राखलेली कॉफी आणि कशीतरी वाळवलेली कॉफी साठ्यात एक झाली. कुठल्या डोंगरावरची, कुणाची, हे पिणाऱ्याला कळायची सोयच राहिली नाही. तुमचा इंद्रायणी आणि शेजारच्या तालुक्यातला जाडा तांदूळ एकाच कणगीत ओतल्यासारखं.

ही व्यवस्था अर्धशतक चालली. १९९२ पासून ती सैल होत गेली आणि १९९६ मध्ये मळेवाल्याला आपला सगळा माल स्वतः विकायची मोकळीक मिळाली. आज जे छोटे भाजणारे दिसतात, म्हणजे २०१३ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ब्लू टोकाय, आपल्या नागपूरची कॉरिडॉर सेव्हन, त्यांचं मूळ या मोकळिकीत आहे. पिशवीवर मळ्याचं नाव छापणं त्याआधी जवळजवळ शक्यच नव्हतं.

त्या मधल्या काळातही ताजी कॉफी मिळायची जागा होती. मुंबईत माटुंग्याला, दक्षिणी वस्तीत, समोर दाणे दळून देणारी दुकानं होती, आजही आहेत. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली-रूपालीनं कित्येक पिढ्यांना फिल्टर कॉफी पाजली. आपल्या भोर-वेल्ह्याची माणसं मुंबईला गिरणीत, गोदीत, माथाडीत गेली. त्यांच्या वाटेवर उडप्याचं हॉटेल होतं, पण सुट्टीला गावी येताना पिशवीत यायचा तो चहा. चार दिवसांत संपवावी लागणारी पूड कोण आणणार?

आता तुम्ही म्हणाल, इतिहास ऐकला, करायचं काय? तर आज भाजल्यानंतर आठवड्याच्या आत दाणे कुरियरनं भोरपर्यंत येतात. घेताना तीन गोष्टी बघा. एक, भाजल्याची तारीख. नुसती ‘अमुक महिन्यांपर्यंत उत्तम’ असं लिहिलं असेल तर ती तारीख नव्हे. दोन, चिकोरी किती टक्के. आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याच्या किंचित खाली, ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि प्रमाण पाकिटावर लिहावं लागतं. चिकोरी वाईट नाही, आवडत असेल तर जरूर प्या. पण आपण काय पितोय ते माहीत हवं. तीन, अख्खे दाणे घ्या, थोडे घ्या, आणि करायच्या वेळी दळा.

यंत्र नसेल तर अडत नाही. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, जाडसर रव्याइतकं. एका मोठ्या कपाला १५ ग्रॅम पूड आणि २४० मिली पाणी. पाणी उकळलं की खाली उतरवून अर्धा मिनिट थांबा, मग पूड घाला. ताजी असेल तर वर फेस फुगून येतो, दाण्यात अडकलेला वायू बाहेर पडतो म्हणून. शिळ्या कढीला ऊत आणता येतो म्हणतात. शिळ्या कॉफीला तोही येत नाही! चार मिनिटं झाकून ठेवा आणि स्वच्छ फडक्यातून गाळा. चहासारखी खळाखळा उकळू नका, कडूपणाचा निम्मा दोष त्या उकळण्याचा आहे. पहिला घोट बिनदुधाचा घ्या. मग दूध घाला, गूळ घाला, तुमची मर्जी.

कच्चे दाणेही मागवता येतात. लोखंडी कढईत शेंगदाण्यासारखे सतत हलवत भाजायचे. दहा-बारा मिनिटांनी तडतड ऐकू येते, रंग तपकिरी होतो. उतरवून सुपात पाखडलं की वरचं पातळ साल उडून जातं. दोन दिवस विसावू द्यायचे आणि मग दळायचे. धूर होतो, म्हणून हे काम अंगणात. भाजणं, पाखडणं, दळणं, यातलं कुठलं काम आपल्या घरांना नवीन आहे?

शेवटी एका आजींनी प्रश्न विचारला, तो इथे नोंदवतो.

प्रश्न : मग आम्ही इतकी वर्षं जायफळ घालून पीत आलो, ते चुकलंच म्हणायचं का रे बाळा?

उत्तर : नाही आजी. तुमच्यापर्यंत जी पूड आली, तिच्यातून प्यावंसं वाटेल असं काहीतरी तुम्ही करून दाखवलंत. अरबस्तानातही कॉफीत वेलदोडा घालतात. जायफळाची कॉफी मराठी घराची स्वतःची आहे, ती टाकून द्यायची नाही. फक्त पुढच्या वेळी खालची कॉफी ताजी घाला आणि जायफळ जरा कमी किसा. मग आम्हाला बोलवा, आम्ही परत येतो.