डोक्यातले वादळ

साल १९०७. तुम्ही न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयात दाटीवाटीने उभे आहात. आरोपीच्या जागी बसलेला हॅरी थॉ पिट्सबर्गच्या कोट्यधीश घराण्यातला. गेल्या वर्षी २५ जूनच्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर नाटक चालू असताना त्याने वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइट यांना प्रेक्षकांदेखत गोळ्या घातल्या. खून नाकारायची सोयच नाही. तेव्हा वकील म्हणतात, त्या क्षणी तो भानावर नव्हता. मनोविकारांचे डॉक्टर साक्षीला उभे राहतात आणि एक शब्द येतो, 'ब्रेनस्टॉर्म'. मेंदूत उठलेले वादळ, ज्यात माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो. ज्यूरीचे एकमत होत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या खटल्यात थॉ वेडसर ठरून मृत्युदंडातून वाचतो. तो शब्द मात्र वर्तमानपत्रांनी तोवर घरोघरी नेलेला असतो.

आता चाळीसेक वर्षे पुढे या. शहर तेच, जागा बीबीडीओ या जाहिरात कंपनीतली बैठकीची खोली. कंपनीच्या नावातला 'ओ' म्हणजे अ‍ॅलेक्स ऑसबर्न. १९३९ मध्ये त्यांनी सगळ्यांनी मिळून कल्पना सुचवण्याच्या बैठका सुरू केल्या आणि त्यांत बसणाऱ्यांनीच त्यांना 'ब्रेनस्टॉर्म' म्हणायला सुरुवात केली. ऑसबर्न यांनी पुढे त्याचा अर्थ लावला तो लष्करी: किल्ल्यावर तुकडी तुटून पडते तसे सगळ्यांनी एकाच प्रश्नावर तुटून पडायचे. अशी रीत हिंदुस्थानातले हिंदू गुरू चारशेहून अधिक वर्षे वापरत आले, असेही त्यांनी लिहिले आणि तिचे नाव 'प्राय-बर्शना' असे दिले. त्यात आपला 'प्रश्न'च मोडूनतोडून पोहोचला असावा, असे मला वाटते.

तुम्हीही खुर्ची ओढून बसा. नियम चार. कल्पना जितक्या जास्त तितक्या बऱ्या. अचाट असेल तीही बोलायची. दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची. आणि टीका आत्ता नाही, नंतर. शेजारचा काहीतरी भलतेच सुचवतो, तुमच्या ओठांवर 'पण हे परवडणार कसं?' येते, ते तिथेच अडवायचे. माझ्या मते ऑसबर्न यांचे खरे देणे हा चौथा नियमच आहे. आपल्या बैठकांत साहेबांच्या कपाळावरची आठी पाहून धाकटी माणसे गप्प बसतात. ती आठी या खोलीबाहेर ठेवलेली आहे.

१९५८. येल विद्यापीठ. टेलर, बेरी आणि ब्लॉक हे संशोधक ही रीत तपासायला ९६ विद्यार्थ्यांना प्रश्न देतात. त्यांतला एक असा: प्रत्येक हाताला एक जास्तीचा अंगठा फुटला तर फायदे कोणते, अडचणी कोणत्या? निम्मे विद्यार्थी चौघाचौघांच्या बारा गटांत बसतात, निम्मे एकेकटे. नंतर एकट्यांच्या उत्तरांचे कागदावर चौघाचौघांचे गट करून, पुन्हा आलेल्या कल्पना वगळून मोजणी होते. एकट्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरतात. बारा मिनिटे तुम्हीही त्या गटात बसलात, तर कारण कळेल: एकजण बोलतो तेव्हा बाकीचे तिघे थांबतात आणि थांबता थांबता सुचलेले विसरतात.

या निकालावरून ऑसबर्न यांना खोटे ठरवणे अन्यायाचे आहे. आधी एकट्याने विचार करावा, मग गटात बसावे आणि पुन्हा एकट्याने, हा क्रम त्यांनी स्वतःच सांगितला होता. पुढची बैठक बोलवाल तेव्हा आधी प्रत्येकाच्या हाती कोरा कागद द्या.