फ्लॅशला छत्री की सॉफ्टबॉक्स? आधी जागा बघा, मग ठरवा

लग्नसराईत फोटोग्राफरच्या बॅगेत एखादा-दुसरा स्पीडलाइट असतोच. पण कॅमेऱ्यावरून फ्लॅश थेट मारला की कपाळ चकाकतं आणि मागच्या भिंतीवर काळी सावली उमटते. ते टाळायला प्लास्टिकची टोपी, छत्री, सॉफ्टबॉक्स अशी बरीच साधनं मिळतात. यातलं कुठलं घ्यायचं, हे कामाची जागाच ठरवते.

मूळ नियम काय?

प्रकाशाचा स्रोत माणसाच्या मानाने जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावली मऊ. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स हातभर अंतरावर असेल तर चेहऱ्यावर छान मऊ उजेड पडतो. तोच तीन मीटरवर नेला की सावलीच्या कडा पुन्हा कडक होतात. मात्र या मऊपणाची किंमत उजेडात मोजावी लागते. एक स्टॉप कमी होणं म्हणजे उजेड निम्मा होणं. बहुतेक साधनं एक-दोन स्टॉप खातात. मग फ्लॅश पूर्ण ताकदीवर चालवावा लागतो, सेल लवकर उतरतात आणि दोन फ्लॅशमधला वेळ वाढतो. नेमक्या अक्षता पडताना फ्लॅश चार्ज होत असेल, तर तो क्षण हातचा गेला.

मंगल कार्यालयात

छत पांढरं आणि फार उंच नसेल, तर फ्लॅशचं तोंड वर करून बाउन्स मारणं सगळ्यात सोपं. पैसाही लागत नाही. डोळ्यांखाली सावली येत असेल तर फ्लॅशला रबर बँडने एक पांढरं कार्ड लावावं. छताला गुलाबी किंवा पिवळं कापड असेल, तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. अशा वेळी बाउन्स नको. स्टँडवर छत्री लावावी.

प्लास्टिकची टोपी स्रोत फारसा मोठा करत नाही, ती उजेड चहूकडे फेकते. जवळ पांढऱ्या भिंती असतील तर तो परत येतो. उघड्या अंगणात किंवा मैदानावर मात्र बराचसा वाया जातो.

स्टेजवरचा ग्रुप

लाइट एका बाजूला लावला आणि जवळचा माणूस त्यापासून एक मीटरवर, दूरचा दोन मीटरवर असेल, तर दूरच्याला पाव उजेड मिळतो. लाइट मागे नेऊन हीच अंतरं चार आणि पाच मीटर केली, तर फरक पाऊण स्टॉपहूनही कमी राहतो. म्हणून ग्रुपसाठी मोठी छत्री लांब आणि उंच लावावी. दोन असतील तर आणखी बरं.

उघड्यावर

वारं असेल तर छत्री उलटते, स्टँड आडवा होतो. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधावी किंवा मदतनिसाच्या हातात स्टँड द्यावा. दुपारच्या हळदीला उन्हाशी टक्कर घ्यायची, तर जाड डिफ्यूझर परवडत नाही. माणसं सावलीत घ्यावीत आणि लाइट जवळ आणावा.

एकट्या वधूचा फोटो

इथे सॉफ्टबॉक्स कामाला येतो. छत्रीचा उजेड सगळीकडे पसरतो, सॉफ्टबॉक्सचा आवरता येतो. त्याला ग्रिड लावली की मागची भिंत काळोखात ठेवता येते. छत्रीसारखा उघडणारा सॉफ्टबॉक्स घ्यावा, म्हणजे जोडणीत वेळ जात नाही. लाइट डोळ्यांपेक्षा थोडा वर आणि बाजूला असावा. चष्म्यात चमक दिसली तर तो आणखी वर घ्यावा.

पिवळे दिवे असतील तर

फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विन, जुन्या पिवळ्या हॅलोजनचा ३२०० च्या आसपास. त्यामुळे चेहरा पांढरा आणि मागचा हॉल नारिंगी दिसतो. फ्लॅशवर नारिंगी जेल लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० वर ठेवला की दोन्ही जुळतात.

आधी काय घ्यावं?

पहिल्या खरेदीत पांढरी छत्री, मजबूत स्टँड आणि ट्रिगर पुरे. सॉफ्टबॉक्स आणि ग्रिड नंतर. कुठलंही साधन असो, पाहुणे यायच्या आधी हॉलवर जाऊन दोन-चार फोटो काढून बघावेत. फ्लॅश निम्म्या ताकदीत भागत असेल, तर निवड बरोबर आहे.