भिंतीवरचे नगर : गिरणगावातील लोकप्रदर्शनांची शंभर वर्षे

मुंबईच्या गिरणगावात भिंत ही वाचायची जागा आहे. चाळीच्या तोंडाशी टांगलेला मंडळाचा फळा, गिरणीच्या गेटवर लागणारी युनियनची सूचना, गणपतीच्या मंडपातले चित्रफलक आणि निवडणुकीत रंगणाऱ्या कुंपणभिंती यांनी इथल्या चार पिढ्यांना सार्वजनिक जीवनाचे धडे दिले. शाश्वत रचना म्हणजे निसर्गाची झीज कमीत कमी करणारी घरे, वस्तू आणि वस्त्या. या विषयावर वस्तीतच भित्तिपत्रकांचे प्रदर्शन भरवणे हा त्याच परंपरेचा पुढचा टप्पा होय. डिलाईल रोडच्या, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गाच्या, परिसरात या परंपरेचा शंभर वर्षांचा माग काढता येतो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शहराचा आराखडा लोकांच्या डोळ्यांसमोर आला तेव्हा त्यातल्या चुका सापडल्या; तो कचेरीत राहिला तेव्हा त्याची किंमत वस्तीने मोजली.

सुरुवात ज्यांचे नाव या रस्त्याला मिळाले त्यांच्यापासूनच करता येते. नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, मोफत वाचनालये आणि पेट्यांमधून फिरणारी ग्रंथालये हे लीगचे काम होते. बहुसंख्य गिरणी कामगारांना तेव्हा अक्षरओळख नव्हती. म्हणून व्याख्यानांना मॅजिक लँटर्नची जोड देण्यात आली. काचेवरची चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर मोठी दिसत आणि वक्ता ती एकेक करून समजावून सांगे. १८९६ च्या प्लेगची आठवण ताजी असलेल्या वस्तीत स्वच्छता आणि आरोग्य हे विषय आपसूकच पुढे आले. लीगच्या परळमधील दामोदर हॉलला कामगारांच्या सांस्कृतिक जीवनात मोठे स्थान मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला तोही याच हॉलमधल्या बैठकीत.

याच काळात डिलाईल रोडचे रूप बदलत होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) स्थापन झाले आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत ठरला. त्यासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास खोल्या उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ इमारती झाल्या, त्यांतल्या ३२ डिलाईल रोडच्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामायिक. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे असल्याने या चाळी शंभर वर्षे टिकल्या. मात्र ज्यांनी तिथे राहायचे होते त्यांना रचनेबद्दल कोणी विचारले नाही. भाडे परवडत नसल्याने आरंभीची काही वर्षे अनेक खोल्या रिकाम्या पडल्या.

नगररचनेची दुसरी वाटही तेव्हा मुंबईतच दाखवली जात होती. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस नकाशे, छायाचित्रे आणि चित्रे यांचे एक प्रचंड नगररचना प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात निघाले होते. ते साहित्य वाहणारे ‘क्लॅन ग्रँट’ हे जहाज ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडवले. मित्रांनी धावपळ करून नवे साहित्य जमवले आणि जानेवारी १९१५ मध्ये प्रदर्शन मद्रासमध्ये मांडले गेले. १९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. 

गेडिस यांचा आग्रह पाडकामापेक्षा डागडुजीवर होता. आधी गल्लीबोळांतून पायी हिंडावे, लोक कसे राहतात ते पाहावे. अगदी मोडकळीला आलेली एखाददुसरी इमारत काढून उजेडवाऱ्याला वाट करावी आणि विहीर, तळे, पार, झाड, देवळापुढचे अंगण जपावे. कमी खर्चात, कमी माणसे हलवून वस्ती निरोगी करण्याची ही पद्धत आज शाश्वत रचनेच्या पाठ्यपुस्तकांत नव्याने मांडल्या जाणाऱ्या अनेक कल्पनांची पूर्वज आहे.

या विचाराचे सर्वांत रंगतदार लोकप्रदर्शन मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या होळकरांच्या इंदुरात झाले. गेडिस यांच्या चरित्रकारांनी ते सविस्तर नोंदवले आहे. प्लेगग्रस्त शहरात गेडिस यांना एका दिवसाचा राजा नेमण्यात आले. दिवाळीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, हे सर्वाधिक घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून काढणारी गल्ली ठरवेल, अशी दवंडी पिटली गेली. शहरभर साफसफाई सुरू झाली आणि गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा मोठा उंदीर होता, नव्या घरांचे नमुने होते. शहराच्या भावी नकाशाची पताका मिरवणारी नगरदेवताही होती. सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र वेषात, हार घालून मानाने चालले. शेवटी लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. १९१८ मध्ये गेडिस यांनी इंदूर दरबाराला सादर केलेला अहवाल नगररचनेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लोकांनी आपल्या हाताने गल्ली सुधारून आराखड्यात भाग घेतला, हे या उत्सवाचे खरे यश.

गिरणगावात अशी दृश्यभाषा पुढे लोकांनी स्वतः घडवली. गणेश गल्लीत १९२८ आणि लालबागच्या बाजारात १९३४ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाले. मंडपातले देखावे पुराणकथांसोबत महागाई, दुष्काळ, व्यसन अशा विषयांवर बोलू लागले. मुंबई कामगार कल्याण मंडळ १९५३ मध्ये स्थापन झाले आणि डिलाईल रोडचे ललित कला भवन नाटकांच्या तालमींनी गजबजले.

रोजच्या व्यवहाराला फळा होताच. काळा लाकडी फळा, वर ऑइलपेंटने कायमचे रंगवलेले मंडळाचे नाव, कडेने रंगीत खडूची वेल. मजकूर मात्र रोज नवा. पाणी किती वाजता जाणार, कोणाचा दहावा कुठे, वर्गणीची बैठक केव्हा, दहावीत कोण पहिला आला. लिहिण्याचे काम अक्षर चांगले असलेल्या पोराकडे येई आणि चुकले तर येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणीही ते पुसून दुरुस्त करी.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि जमिनीचा प्रश्न पुढे आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होणार होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा दिला. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांभोवती चालणाऱ्यांसाठी मोकळी जागा हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. आराखडा अमलात आला नाही. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि लोकांचा वाटा आक्रसला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जण दगावले, तेव्हा त्या जुन्या आराखड्याची आठवण अनेकांना झाली.

उलट अनुभव २०१४–३४ च्या विकास आराखड्याने दिला. महापालिकेने सध्याच्या भूवापराचे नकाशे जाहीर केल्यावर नागरिक आणि संघटनांनी आपापली गल्ली त्यांत शोधली आणि ढीगभर चुका दाखवून दिल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो नव्याने करण्याचा आदेश दिला. नवा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

भित्तिपत्रकांतून विज्ञान आणि पर्यावरण लोकांपर्यंत नेण्याची रीत महाराष्ट्रात १९८० मध्ये स्थापन झालेल्या लोकविज्ञान संघटनेसारख्या चळवळींनी रुजवली. १९८७ च्या भारत जनविज्ञान जत्थ्यात गाणी आणि पथनाट्यांसोबत भित्तिपत्रकेही गावोगाव फिरली. अशा प्रदर्शनाचे साहित्य साधे असते : जाड कागद, ठसठशीत अक्षर, एका पत्रकावर एकच मुद्दा, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे. चाळीच्या गॅलरीत हे तासाभरात लागते आणि गुंडाळून पुढच्या चाळीत जाते. शाश्वततेवर बोलणारे प्रदर्शन प्लास्टिकच्या फ्लेक्सवर छापू नये, हा संकेतही त्यातूनच येतो. कागद आणि कापड पुन्हा वापरता येतात.

डिलाईल रोडवर विषयांची वाण नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी आणि दर वर्षी त्याच बांबू-कापडातून उभा राहणारा मंडप हे पुनर्वापराचे इथले वस्तुपाठ आहेत. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत बंदी सुचवल्यापासून शाडू आणि कागदाच्या लगद्याची चर्चा प्रत्येक मंडळात आहे.

सर्वांत मोठा विषय बीडीडी चाळींचा. २०१७ मध्ये भूमिपूजन झालेल्या म्हाडाच्या पुनर्विकासात प्रत्येक पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत काढलेल्यांचा हा हक्कच आहे. जुन्या इमारतींच्या राड्यारोड्याचे काय होते, उंच इमारतीत उजेडवारा किती खेळतो, लिफ्ट आणि पंपाचा खर्च पुढे कोण उचलतो, गॅलरीतला शेजार कोणत्या जागेत टिकतो, या प्रश्नांची उत्तरे चित्रांसह, मराठीत आणि घराच्या दारातच मांडता येतात. प्रत्येक पत्रकाशेजारी एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली, तर रहिवासी आपली दुरुस्ती स्वतः लिहितात. १९२० च्या आराखड्यात ही सोय नव्हती. आजच्या आराखड्यात ती असायलाच हवी.